कुनिसाकीचे ओनि: गाव राक्षसाने घडवलं, भिक्षूंनी की पाण्याने?

रानवाटा

जपानच्या क्यूशू बेटावर ओइता प्रांतात, समुद्रात घुसलेला जवळजवळ गोल आकाराचा एक द्वीपकल्प आहे, कुनिसाकी. मधोमध फुतागो डोंगर, उंची साधारण ७२० मीटर. या विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यापासून चहूबाजूंना चाकाच्या आऱ्यांसारख्या दऱ्या उतरतात. दऱ्यांमध्ये जुने सहा 'गो', म्हणजे परगणे: कुनावा, ताशिबु, इमि, कुनिसाकी, आकि, मुसाशि. इथल्या तेंदाइ पंथाच्या सगळ्या बौद्ध मठांना मिळून 'रोकुगो मानझान' म्हणतात. 'रोकुगो' म्हणजे सहा परगणे आणि 'मानझान' म्हणजे तिथले सगळे 'डोंगर'. जपानीत मठाला डोंगर म्हणायची पद्धत आहे.

जपानभर सेत्सुबुनला, म्हणजे वसंताच्या आदल्या दिवशीच्या सणाला, भाजलेले सोयाबीन उधळत 'ओनि वा सोतो' ओरडतात, म्हणजे 'राक्षसा, बाहेर हो'. कुनिसाकीत उलट आहे. जुन्या पंचांगाच्या पहिल्या महिन्यात इथल्या मठांत 'शुज्यो ओनिए' नावाचा विधी होतो. त्यात ओनिला आत बोलावतात, नाचवतात, त्याच्या हातच्या पलित्याचा फटका पाठीवर घेतात. ओनि म्हणजे बुद्धाचं रूप, आपले पूर्वज, अशी तिथली श्रद्धा आहे.

माझं म्हणणं असं की या द्वीपकल्पाचा नकाशा ओनिच्या कथांनीच घडवला. पायऱ्या, गुहा, गावांची नावं, सगळीकडे ओनि आहे. जाणकारांनी पटतं की नाही ते सांगा. नुसतं 'छान धागा' नको, तपशील हवेत.

कातळखूण

सुरुवात कुमानो मागाइबुत्सुपासून करू. 'मागाइबुत्सु' म्हणजे उभ्या कड्यात कोरलेला बुद्ध. ताशिबुच्या डोंगरात दोन मूर्ती आहेत. फुदो म्योओ, म्हणजे उग्र रूपाची रक्षक देवता, सुमारे ८ मीटर. दाइनिचि न्योराइ, म्हणजे महावैरोचन बुद्ध, पावणेसात मीटरच्या आसपास. काळ हेइआन युगाचा उत्तरार्ध, साधारण अकरावं-बारावं शतक. पायथ्याला ताइझोजी मठ आणि वर कुमानोचं शिंतो देऊळ. या चढावर ओबडधोबड दगडांच्या ९९ पायऱ्या आहेत.

कथा अशी. एक तांबडा ओनि माणसं खायला मागतो. कुमानोचा देव म्हणतो, एका रात्रीत शंभर पायऱ्या बांध, कोंबडा आरवायच्या आत. ओनि ९९ बांधतो. देव घाबरतो आणि स्वतःच कोंबड्याची बांग देतो. हरलो असं समजून ओनि शंभरावा दगड खांद्यावर घेऊन पळत सुटतो आणि सपाटीला पोचल्यावर कोसळून मरतो. दगड मात्र उभाच राहतो. त्या जागेचं नाव तातेइशि, म्हणजे उभा दगड.

जाणाऱ्यांसाठी: पायऱ्या घडवलेल्या नाहीत. मिळतील तसे नैसर्गिक दगड चुना-मातीशिवाय रचलेत, म्हणून प्रत्येक पायरीची उंची वेगळी. चढताना दम लागतो, पण पाय मुरगळतो तो उतरताना, कारण दगडांचे माथे तिरपे आहेत आणि पावसात शेवाळ धरतं. खाली काठ्या ठेवलेल्या असतात. लाज न बाळगता घ्या.

घाटमाथा

ही कथा वाचून कोकण आठवलं! पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधायला घेतलं, कोंबडा आरवला, कळस राहून गेला. अंबरनाथच्या देवळाबद्दलही हेच सांगतात.

कातळखूण

बरोबर, कथेचा साचा एकच आहे. पण आपल्याकडे अर्धवट राहिलेल्या बांधकामाचं कारण सांगायला कोंबडा येतो. कुनिसाकीत पायऱ्या पुऱ्या वापरात आहेत. न झालेली वस्तू म्हणजे फक्त शंभरावी पायरी, आणि तीही दुसऱ्या गावात नावानिशी सापडते. एका कथेने दोन गावं बांधली गेली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

उत्तरवारा

हाच साचा जपानच्या दुसऱ्या टोकालाही आहे. उत्तरेत आकिता प्रांतात ओगा द्वीपकल्प, तिथे ९९९ पायऱ्या. चीनच्या हान वंशाचा सम्राट वू पाच ओनि घेऊन आला. वर्षातून एक दिवस त्यांना मोकळीक मिळाली, तर त्यांनी गावात धुमाकूळ घातला. गावकऱ्यांनी पैज लावली: एका रात्रीत हजार पायऱ्या बांधा, नाहीतर परत येऊ नका. ९९९ झाल्या आणि कुणीतरी कोंबड्याचा आवाज काढला. त्या पायऱ्या आकागामि देवस्थानाच्या गोशादो या पाच देवळांच्या रांगेकडे जातात. हे देवस्थानही मेइजी काळापर्यंत, म्हणजे १८६८ च्या सुमारापर्यंत, बौद्ध मठाच्या ताब्यात होतं.

तिथला विधी म्हणजे नामाहागे. वर्षाच्या शेवटच्या रात्री मुखवटे घालून, गवताचा 'केदे' पांघरून, हातात लाकडी सुरा आणि बादली घेऊन तरुण घरोघर जातात. घरात शिरण्याआधी सात वेळा पाय आपटायचे, जेवणाच्या पाटावर बसण्याआधी पाच वेळा, निघताना तीन वेळा. केदेतून गळलेली काडी घरात राहिली तर शुभ, ती झाडून टाकायची नाही. चुलीशी बसून आळशी माणसाच्या कातडीवर उठणारे चट्टे म्हणजे 'नामोमि'. ते खरवडून काढणारा तो नामाहागे. २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत असे दहा विधी एकत्र गेले, त्यात हा आहे.

पाटपाणी

रानवाटा, तुमचं मूळ म्हणणं मला पटत नाही. आधी पाणी, मग मठ, आणि ओनि सगळ्यात शेवटी.

कुनिसाकीची जमीन ज्वालामुखीची, पाणी झिरपून जातं. नद्या आखूड आणि उताराच्या, पाऊस पडला की तासाभरात समुद्रात. म्हणून तिथे १,२०० च्या वर छोटे तलाव आहेत. एकेक तलाव इतका लहान की एकट्याने भातखाचरांना पुरत नाही, म्हणून ते पाटाने एकमेकांना जोडलेत. दरवाजा कधी, किती उघडायचा हे गावाने नेमलेला 'इकेमोरि', म्हणजे तलावाचा राखणदार, ठरवतो. आपल्या पाटकऱ्याचंच काम. तलावांच्या वर कुनुगि ओकची झाडी. ती तोडली तरी बुंध्यातून पुन्हा फुटते आणि पंधराएक वर्षांत परत तोडणीला येते. तोडलेल्या ओंडक्यांवर शिइताके अळंबी. ओंडक्यावर वाढवलेल्या सुक्या शिइताकेत ओइता जपानात पहिला. झाडी पाणी धरते, तलाव साठवतो, खाचर पितं. या व्यवस्थेसाठी २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने कुनिसाकी-उसा भागाला जागतिक कृषी वारसा म्हणून नोंदवलं.

ताशिबुचं ओसाकी गाव पाहा. ती जवळच्या उसा गावच्या देवस्थानाची जहागीर होती. खाचरांचे वेडेवाकडे बांध मध्ययुगातले, अजून तसेच आहेत, कारण तिथे खाचरं सपाट करून मोठे चौकोन पाडायचं काम झालं नाही. २०१० मध्ये त्याला सरकारी 'महत्त्वाचं सांस्कृतिक भूदृश्य' हा दर्जा मिळाला. तिथली वस्ती कशावर बसली? डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्यावर. त्या झऱ्यापाशी देऊळ आहे आणि त्याचं नाव पावसाशी जोडलेलं आहे, राक्षसाशी नाही.

रानवाटा

मुद्दा वजनदार आहे. पण झऱ्यापाशी देऊळ आहे हे तुम्हीच सांगितलंत. म्हणजे पाणी आणि विधी वेगळे काढता येत नाहीत.

निळीशाई

दोघांनाही एक तिसरी गोष्ट सांगते: ग्रंथ.

रोकुगो मानझानची स्थापना निनमोन नावाच्या बोधिसत्त्वाने ७१८ मध्ये केली अशी परंपरा आहे. तो उसा देवस्थानाच्या हाचिमान देवाचाच अवतार मानला जातो. त्याने २८ मठ उभारले आणि ६९,००० च्या वर बुद्धमूर्ती घडवल्या असं सांगतात. हे आकडे कुठून आले? सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या कुमारजीवकृत चिनी भाषांतरात २८ प्रकरणं आहेत आणि ६९,००० च्या वर अक्षरं. एकेक मठ म्हणजे एकेक प्रकरण, एकेक मूर्ती म्हणजे एकेक अक्षर. सगळा द्वीपकल्प पोथीसारखा मांडलाय. चालत फिरलं की पारायण होतं.

आता ओनिकडे या. त्याच सूत्राच्या धारणी प्रकरणात दहा राक्षसी आणि हारीती येतात आणि शपथ घेतात की हे सूत्र धारण करणाऱ्याचं आम्ही रक्षण करू. म्हणजे राक्षसाला हाकलायचं नाही, शपथेवर कामाला लावायचं, हे पोथीतच आहे. हारीती मुलं खाणारी यक्षिणी होती. बुद्धाने तिचंच लेकरू लपवलं, तेव्हा तिला इतर आयांचं दुःख कळलं. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तिचं आणि तिचा नवरा पांचिक याचं स्वतंत्र उपगर्भगृह आहे. जपानात ती किशिमोजिन झाली. कुनिसाकीचा ओनि आणि अजिंठ्याची हारीती एकाच विचारातून आलेत.

शेंदूर

निळीशाई, हे पोथीचं प्रथमच कळलं. वाचनखूण साठवली.

पलिता

ओनिएचा प्रत्यक्ष क्रम अजून कुणी सांगितला नाही, तो सांगतो. पूर्वी बहुतेक मठांत व्हायचा. आता तीनच उरलेत: बुंगो-ताकादा शहरातला तेन्नेनजी, आणि कुनिसाकी शहरातले इवातोजी व ज्योबुत्सुजी. १९७७ मध्ये राष्ट्रीय महत्त्वाची लोकपरंपरा म्हणून नोंद झाली.

तेन्नेनजीत जुन्या पंचांगाच्या पहिल्या महिन्याच्या सप्तमीला, दर वर्षी. इवातोजीत सप्तमीलाच, पण इसवी सनाच्या विषम वर्षी. ज्योबुत्सुजीत पंचमीला, सम वर्षी. या दोघांनी वर्षं वाटून घेतलीत.

तेन्नेनजीचा क्रम असा:

दुपारी मंत्रपठण. अंधार पडल्यावर पलितेवाले मठासमोरच्या नदीत उतरतात, कडाक्याच्या थंडीत, लंगोटावर. याला कोरितोरि म्हणतात, पाण्याने शुद्ध होणं. नदीच्या मधोमध एका प्रचंड दगडात साधारण ३ मीटर उंचीचा फुदो कोरलेला आहे, दोन्ही बाजूंना त्याचे सेवक कोंगारा आणि सेइताका. पूर अडवण्यासाठी तो कोरला असं सांगतात. पाटपाणींना हे आवडेल.

मग तीन मोठे पलिते. एकेक सुमारे ५ मीटर लांब. ते पेटवून उभे करतात आणि देवापुढे नेतात. त्यानंतर सभामंडपात भिक्षू आळीपाळीने पठण आणि नाच करतात. कोझुइ नावाच्या नाचात हातात काठ्या असतात, पाय जमिनीवर जोरात आपटायचे. मग 'सुझु-ओनि', एक पुरुषाचा आणि एक बाईचा मुखवटा, हातात घंटा. हे जोडपं पुढच्या ओनिंना बोलावतं.

शेवटी ओनि. आधी साइहाराइ-ओनि, तांबडा, संकटं झाडून टाकणारा. त्याला आइझेन म्योओ या दुसऱ्या उग्र देवतेचं रूप मानतात. मग आराओनि, काळा, फुदो म्योओचं रूप. अंगभर दोरांनी कपडे आवळलेले, हातात पलिते आणि हत्यार. प्रत्येकाबरोबर एक 'काइश्याकु', म्हणजे सोबती. मुखवट्यातून नीट दिसत नाही, त्यामुळे ओनिला सांभाळणं, वळवणं, पलिता बदलून देणं ही सगळी कामं काइश्याकुची. गवताने शाकारलेल्या मंडपात ठिणग्या उडवत ते धावतात आणि पलित्याने लोकांच्या पाठी-खांद्यांवर मारतात. याला काजि म्हणतात, संस्कृत अधिष्ठान. वर्षभर आजार नको म्हणून. शेवटी 'ओनिचा डोळा' नावाचा मोचि, म्हणजे कुटलेल्या भाताचा गोळा, फेकतात. ज्याला तो मिळतो त्याच्यावर ओनि झडप घालतात, आणि झटापटीला सारा मंडप लोटतो.

सगळ्यात महत्त्वाचं: ओनि गावातला कुणी सोंगाड्या नसतो. ओनि होतात ते भिक्षू. थोड्या वेळापूर्वी सूत्र म्हणणारेच मुखवटा चढवतात.

भातखाचर

इवातोजीत ओनि मंडपात संपत नाही. रात्री गावात उतरतो, घरोघर जातो. घरच्या बुद्धदेव्हाऱ्यापुढे मंत्र म्हणतो, घरच्यांना काजि देतो, मग त्याला जेवू घालतात, साके पाजतात. पूर्वज घरी आले, अशा भावनेने. आपल्याकडे श्राद्धाला कावळ्याची वाट पाहतो ना, तसं इथे ओनिची.

पंचांगप्रेमी

पलिता यांनी सप्तमी म्हटलं म्हणून हिशोब घातला. जुन्या जपानी पंचांगाचा पहिला महिना बऱ्याचदा आपल्या माघाशी जुळतो. त्यामुळे तेन्नेनजीची तिथी २०२३ ला २८ जानेवारी, २०२४ ला १६ फेब्रुवारी, २०२५ ला ४ फेब्रुवारी. तिन्ही दिवस आपली रथसप्तमी! २०२६ ला मात्र फाटा फुटतो. त्यांच्या पंचांगात २०२५ मध्ये सहावा महिना अधिक आला, आपल्याकडे २०२६ चा ज्येष्ठ अधिक. म्हणून रथसप्तमी २५ जानेवारी आणि तेन्नेनजीची सप्तमी २३ फेब्रुवारी, आपल्या फाल्गुनात. तिकीट काढणाऱ्यांनी रथसप्तमीवर विसंबू नये.

घाटमाथा

हा प्रतिसाद फक्त मराठी संकेतस्थळावरच येऊ शकतो. मनापासून दाद!

मातीचावास

जाणाऱ्यांना दोन सूचना. नायलॉनचं, पॉलिएस्टरचं फुगीर जाकीट घालून मंडपात बसू नका. ठिणगी पडली की वितळून भोक पडतं आणि कातडीला चिकटतं. लोकर किंवा जाड सुती कपडा बरा, केस झाकायला सुती रुमाल. आणि पाठीवर फटका हवा असेल तर वाकून पाठ पुढे करायची, तोंड वर करून पाहत राहायचं नाही.

अक्षरखुणा

एक भाषेचा प्रश्न. आपण 'राक्षस' म्हणतोय ते बरोबर आहे का? दहाव्या शतकातल्या जपानी शब्दकोशात 'ओनि' या शब्दाची फोड 'ओन' अशी दिलीय, म्हणजे लपलेला, न दिसणारा. जे चिनी अक्षर ओनिसाठी वापरतात त्याचा चिनी अर्थ मेलेल्याचं भूत. बौद्ध ग्रंथांतले राक्षस आणि यक्ष जपानीत वेगळ्या शब्दांनी येतात, रासेत्सु आणि याशा. म्हणजे ओनिमध्ये भूत, पितर, राक्षस, यक्ष सगळे मिसळलेत. इवातोजीत तो पूर्वज म्हणून घरी येतो यात म्हणून काही विसंगती नाही.

शेंदूर

मग शिंगं आणि वाघाचं कातडं कुठून आलं?

अक्षरखुणा

दिशेवरून, असं सांगतात. चिनी पद्धतीत ईशान्य म्हणजे 'किमोन', ओनिचा दरवाजा. बारा प्राण्यांच्या चक्रात त्या दिशेला बैल आणि वाघ येतात. बैलाची शिंगं, वाघाची लंगोटी.

घाटमाथा

ईशान्य अशुभ? आपल्याकडे तर देवघर ईशान्येला!

निळीशाई

दोन्ही जपानात शेजारी शेजारी आहेत. बौद्ध बारा दिक्पालांत ईशान्येला इशानातेन आहे, म्हणजे आपला ईशान. आणि रासेत्सुतेन, राक्षसांचा अधिपती, नैर्ऋत्येला, जिथे आपण निर्ऋती मानतो तिथेच. किमोन चिनी वाटेने आला, दिक्पाल भारतातून. क्योतोच्या ईशान्येला हिएइ डोंगर आहे, तिथला एनर्याकुजी मठ राजधानीचा किमोन राखतो असं मानलं गेलं. तोच तेंदाइ पंथाचा मुख्य मठ, आणि कुनिसाकीचे मठ त्याच पंथाचे.

आराओनि फुदोचं रूप, असं पलिता म्हणाले. फुदो म्हणजे संस्कृत अचल. त्याचा मंत्र जपानी उच्चारात 'नोमाकु सामान्दा बाझारादान सेन्दा माकारोशादा सोवाताया उन तारता कान मान'. मुळात 'नमः समन्तवज्राणां चण्डमहारोषण स्फोटय हूं त्रट् हां मां'. मोठ्याने वाचा, अंतर मिटतं. कुमानोच्या कड्यावर दाइनिचीच्या डोक्यावर तीन मंडलं कोरलीत, त्यांत देवतांऐवजी बीजाक्षरं आहेत, सिद्धम् लिपीत. सिद्धम् ब्राह्मीच्या घराण्यातली, म्हणजे आपल्या नागरीची नातेवाईक. आणि पायथ्याच्या मठाचं नाव ताइझोजी, त्यातलं 'ताइझो' म्हणजे गर्भधातू, दाइनिचीच्याच एका मंडलाचं नाव.

तांबडंफुटलं

अवांतर: राक्षसाने नकाशा बांधल्याचं ठसठशीत उदाहरण हवं तर ओकायामा पाहा. उरा नावाचा ओनि आणि किबित्सुहिको नावाचा दंतकथेतला राजपुत्र यांची लढाई. दोघांचे बाण हवेत आपटून जिथे पडले तिथे यागुइ देवस्थान, म्हणजे बाण गिळणारं. उराचं रक्त वाहिलं ती चिसुइ नदी, रक्त पिणारी. उरा मासा होऊन पळाला, किबित्सुहिकोने पाणकावळा होऊन त्याला गिळलं, तिथे कोइकुइ देवस्थान. आणि वर किनोज्यो, ओनिचा किल्ला, सातव्या शतकातल्या कोरियन पद्धतीच्या तटबंदीचा, घेर २.८ किलोमीटर.

उराचं तोडलेलं शीर आक्रोश थांबवेना, म्हणून किबित्सु देवस्थानाच्या चुलीखाली पुरलं. आजही तिथे नारुकामा विधी होतो. चुलीवर लोखंडी भांड्यात पाणी उकळतं, वर वाफेची टोपली. त्यात बिनपॉलिशचा तांदूळ टाकून हलवतात आणि भांडं घुमायला लागतं. आवाज दमदार आला तर शकुन चांगला. चूल सांभाळणारी बाई आसो गावची. उराची बायको त्याच गावची होती, अशी कथा आहे.

पाटपाणी

पण या उदाहरणात कथा नंतर आली हे स्पष्ट आहे. किबि भागात, म्हणजे ओकायामाच्या परिसरात, प्राचीन काळापासून लोखंड गाळत, त्यामुळे तांबडं पाणी, तांबडी माती. किल्ला कोणी बांधला याचा विसर पडला आणि ओनि आला. बेप्पूजवळची 'ओनि नो इवाया' तशीच. ती प्राचीन थडगी आहेत. आत दगडी खोली दिसली, एवढे दगड माणूस उचलू शकत नाही, म्हणजे ओनिचं घर. नाराच्या आसुका भागात फुटलेल्या थडग्याचा तळ 'ओनिची चिरायची फळी' झाला आणि वरची खोली 'ओनिचा संडास'. बांधणारे विसरले गेले की ओनि मालक होतो.

कातळखूण

हे कुमानोच्या पायऱ्यांनाही लागू आहे. कुणी दगड वाहिले त्यांची नावं नाहीत.

पण पाटपाणी, एक गोष्ट सुटते. ओकायामाचा ओनि मेला आणि चुलीखाली गेला. कुमानोचा ओनिही मेला. तेन्नेनजीचा ओनि मात्र दर वर्षी येतो. पहिल्या दोघांनी नावं दिली. तिसऱ्याने वेळापत्रक दिलं.

भातखाचर

+१. आणि वेळापत्रकाला माणसं लागतात. पलितेवाले, काइश्याकु, मोचि कुटणारे, दोर वळणारे, मंडपाचं गवत शाकारणारे. ओनिए म्हणजे सगळ्या दरीची दर वर्षीची हजेरी.

पलिता

आणि आता अडतंय ते तिथेच. एका मठात एकच भिक्षू, काही मठ रिकामे. म्हणून आसपासच्या तेंदाइ मठांतले भिक्षू एकत्र येऊन प्रत्येक ओनिए पार पाडतात. सूत्र येणारा हवा, आणि तासभर जड मुखवट्यात पेटता पलिता घेऊन उड्या मारायची ताकदही हवी. दोन्ही एका माणसात दर वेळी मिळत नाही. गावात तरुण नाहीत, ५ मीटरचा पलिता उभा धरायला खांदे कमी. पलिता कलला तर आग गवताच्या छपराकडे जाते, म्हणून कमी माणसांत तो उचलताच येत नाही.

उत्तरवारा

ओगातही हेच. काही वस्त्यांत तरुण नाहीत म्हणून बाहेरच्यांना नामाहागे करायला बोलवावं लागतं. मग घरातल्या मुलाचं नाव, त्याने वर्षभरात काय केलं, हे आधी सांगावं लागतं. पूर्वी नामाहागेला ते माहीतच असायचं, कारण तो शेजारचा दादा असायचा.

मातीचावास

२०१८ मध्ये 'ओनि बुद्ध झाला ते गाव, कुनिसाकी' या मथळ्याखाली या भागाला 'जपान वारसा' ही सरकारी मान्यता मिळाली. निनमोनच्या परंपरेला तेराशे वर्षं झाली तेही त्याच वर्षी. त्यामुळे आता रस्त्याकडेला सगळीकडे ओनिचे फलक दिसतात. फलकांवरून नकाशा वाचू नका एवढंच म्हणतो. ताशिबुच्या फुकिजी मठाचा लाकडी मंडप क्यूशूतली सगळ्यात जुनी लाकडी इमारत आहे, राष्ट्रीय खजिन्यात गणलेली. तिथे ओनि नाही, अमिदा बुद्ध आहे. सांगतात की एकाच प्रचंड काया वृक्षातून ती उभी राहिली. त्या दरीला घडवलं ते या मंडपाने.

रानवाटा

सगळ्यांचे आभार. माझं मूळ म्हणणं बदलतो.

वस्ती कुठे बसली हे पाण्याने ठरवलं, पाटपाणी बरोबर. मठ कुठे आणि किती हे उसा देवस्थानाने आणि निळीशाईंच्या पोथीने ठरवलं. पण लोक दरीच्या कोणत्या टोकाला, कोणत्या रात्री, कशासाठी जमतात, हे ओनि ठरवतो. म्हणून तेन्नेनजीला नदी, फुदो, मंडप आणि शिंतो देऊळ सगळं काही पावलांच्या आत आहे. आज त्या देवळाला मिसोसोगि म्हणतात. १८६८ नंतर सरकारने देव आणि बुद्ध वेगळे करायला लावले त्याआधी तो रोकुश्यो गोंगेन होता, मठाचाच भाग. कागदावर वेगळे झाले, पण ओनिएच्या रात्री अजून एकच अंगण लागतं.

पाटपाणी

हे मान्य. पुराचा फुदोही हिशोबात धरा. नदीला आवर घालायचं काम त्याच्याकडे, आणि त्याच्यासमोर अंघोळ करून पलिते उचलायचे. तुमच्या ओनिची आणि माझ्या पाण्याची गाठ तिथेच पडते.

पंचांगप्रेमी

पुढच्या विषम वर्षाचा हिशोबही घातला, कारण इवातोजीची घरोघर फेरी पाहायची तर तेच वर्ष लागेल. २०२७ ला जुन्या पंचांगाचा वर्षारंभ ७ फेब्रुवारी, म्हणजे सप्तमी १३ फेब्रुवारी, शनिवार. तेव्हा माघ पुन्हा जुळलेला असेल, रथसप्तमी त्याच सुमाराला. तेन्नेनजीचीही तिथी तीच, त्यामुळे दोन्हींपैकी एकच निवडावं लागेल.

भातखाचर

इवातोजी निवडा. आणि जिथे ओनि जेवायला बसतो तिथे दारात गर्दी करू नका, घर कुणाचं तरी आहे.